सामानापाशी

“आणि मधल्या स्टेशनावर ही गाडी किती वेळ थांबते रे?”

आईनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. हाताला कणीक लागलेली. लॅपटॉपवर रणजितचं तोंड होतं, त्याच्यामागे खिडकी आणि खिडकीत पांढराफेक डोंगर. रणजित माझा धाकटा भाऊ. स्वित्झर्लंडमध्ये सारगान्स नावाच्या गावाला राहायचा, तिथल्याच एका कारखान्यात इंजिनियर होता. त्यानं आम्हा तिघांना, म्हणजे आबा, आई आणि मला, नाताळच्या सुट्टीत आल्प्स बघायला बोलावलं होतं आणि सगळा प्रवास आगगाडीनं ठरवला होता.

“कुठल्या मधल्या स्टेशनावर, आई?”

“कुठल्याही. म्हणजे तुमचं सारगान्सच घे.”

“दोन-तीन मिनिटं. का गं?”

“काही नाही. माणसाला चढायला-उतरायला वेळ लागतो म्हणून विचारलं.”

आबांनी हात झटकला. “तू पोळ्या बघ. गाड्यांचं मी बघतो.”

आबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. फलटण स्टँडवर उभं आयुष्य गेलं. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार आणि कोण ड्रायव्हर चहा पीत बसलाय, हे त्यांना घरी बसूनही कळायचं. रिटायर झाल्यावर तो सगळा कारभार त्यांनी आमच्यावर चालवायला घेतला. मुळात ते परदेशाला तयारच नव्हते. “आपल्याला काय करायचाय बर्फ? फ्रीजमध्ये बघावा.” पण रणजित म्हणाला, इकडे गाडी एक मिनिट उशिरा आली तरी माफी मागतात, आणि आबा विरघळले. असली गाडी एकदा बघायलाच हवी, म्हणाले.

मी मात्र आईकडे बघत होते. आमच्या घरात आई प्रश्न विचारत नसे. तिला विचारायची सवयच ठेवली नव्हती कुणी.

आमच्या घरच्या सहलींची एक रीत होती, ती आधी सांगते. आम्ही कुठेही गेलो की आई सामानापाशी बसायची. महाबळेश्वरला आम्ही पॉइंट बघत हिंडलो आणि आई स्टँडवरच्या बाकावर तीन पिशव्या, एक वळकटी आणि पाण्याची कळशी राखत बसली. कन्याकुमारीला तिनं लॉजची पडवी पाहिली. सूर्य आम्ही पाहिला. जरा वेळानं ती विचारायची, “मी जरा पाय मोकळे करून येऊ का?” आणि आबा जाता जाता म्हणायचे, “बस की, आलोच आम्ही.” आबा वाईट नव्हते. मारझोड नाही, दारू नाही. गावात कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील. असल्या चांगल्या माणसांनी किती बायकांना बाकावर बसवून ठेवलंय ते मात्र कुणी विचारत नाही.

तर आईनं प्रश्न विचारला आणि मला वास आला. माझा स्वभाव संशयी, हे मी लपवत नाही. नवऱ्याकडून परत आलेल्या बाईचा स्वभाव संशयी नसेल तर ती परत तरी कशाला येईल? मी घराच्या ओसरीवर शिवणक्लास चालवत होते. पंधरा पोरींच्या गप्पा ऐकून कुणाच्या घरात काय शिजतंय ते मला बरोबर कळायचं. स्वतःच्या घरातलं कळायला जरा उशीर लागला, इतकंच.

माझा संशय कुणावर होता, तेही सांगते. केतकीवर. माझी भावजय, पुण्याची, हुशार, गोड बोलणारी. दोन वर्षांपूर्वी तिच्या बाळंतपणाला तिनं आईला बोलावलं होतं. आबा म्हणाले, “ती गेली तर मला जेवायला कोण घालणार?” विषय संपला. आई चार दिवस गप्प होती. पाचव्या दिवशी तिनं आळिवाचे लाडू केले आणि कुरिअरनं पाठवले. आता ओवी, त्यांची पोरगी, दोन वर्षांची झाली होती आणि केतकीची नोकरी जानेवारीत पुन्हा सुरू होणार होती. आणि नेमकं डिसेंबरातच यांना सासू-सासऱ्यांना आल्प्स दाखवायची हौस आली?

मी थेट फोन केला.

“केतकी, जानेवारीत ओवीला कोण सांभाळणार?”

“पाळणाघराच्या यादीत नाव आहे, ताई. अजून नंबर लागला नाही.”

“मग?”

“मग बघू काहीतरी. का हो?”

“काही नाही. विमानाची तिकिटं तिघांची जाऊन-येऊन आहेत ना? आईचंसुद्धा?”

मग तिचा आवाज बदलला. “वैजूताई, तुम्हाला काय म्हणायचंय ते सरळ म्हणा ना.”

“सरळच म्हणते. माझी आई आया नाही.”

“त्या माझ्याही कोणीतरी आहेत,” ती म्हणाली. “आणि हे सगळं आगगाडीचं वगैरे आमच्या डोक्यातून आलेलं नाही. आईंनाच विचारा.” फोन ठेवला.

आईंनाच विचारा म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा, मी म्हटलं. तरी विचारलं. आई गच्चीवर मिरच्या वाळवत होती.

“गाडीनं जायचं तू सांगितलंस रणजितला?”

“मी म्हटलं, मोटारीत मला उलटी होते. गाडी बरी.”

“तुला कधी उलटी झाली?”

“होईल की म्हातारपणी,” आई म्हणाली आणि मिरच्या पलटायला लागली.

नंतर तिनं एकेक गोष्ट काढायला सुरुवात केली. प्रत्येक गोष्ट अशी साधी की कुणाला टोकता येऊ नये. व्हिसाचं चाललं होतं तेव्हा म्हणाली, “तीन महिन्यांचा मिळतो ना रे? मग तेवढाच माग. बर्फात कुठं अडकलो, कुणी आजारी पडलं, तर?” आबा खूष. “बरोबर आहे. तेवढ्याच कष्टात जास्त मिळत असेल तर जास्त घ्यावं.” आयुष्यात पहिल्यांदा आबा तिला ‘बरोबर आहे’ म्हणाले आणि मी मनात केतकीला शिव्या घातल्या. तीन महिने. बाळाची सोय झाली!

मग एके दुपारी, पोरी क्लासमधून गेल्यावर, आई कापड घेऊन आली. जाड, गडद निळं.

“वैजू, मला एक पंजाबी ड्रेस शिव.”

मी हातातली कात्री खाली ठेवली. आईनं लग्नानंतर नऊवारी सोडून पाचवारी नेसली, तेव्हा आजीनं आठवडाभर अबोला धरला होता. ड्रेस तर लांबच.

“आबा काय म्हणतील?”

“बर्फात साडीचा घोळ भिजतो, असं रणजितच म्हणालाय. आणि त्या गाडीतून पटकन उतरायचं म्हणजे साडीत पाय अडकतो.”

“पटकन कशाला उतरायचंय?”

“दोन मिनिटंच थांबते ना.” तिनं टेप स्वतःच कमरेला लावला. “आणि आतून एक खिसा कर. चेन लाव त्याला.”

“केवढा?”

तिनं तळहात उघडून दाखवला. पासपोर्टाएवढा.

“पासपोर्ट आबांकडे असणार. सगळ्यांचे त्यांच्याच पाऊचमध्ये असतात.”

“तू खिसा कर.”

मी खिसा केला. दुहेरी शिलाई घातली. मनात म्हटलं, करू दे या लोकांना काय करायचं ते. मी आहे तिच्याबरोबर. मी काही तिला तिथे सोडून येत नाही.

मार्गशीर्षातले गुरुवार आई कधी चुकवत नसे. घट मांडायचा, पाच पत्री, नारळ, पोथी, आणि शेवटच्या गुरुवारी उद्यापन. त्या वर्षी शेवटचे दोन गुरुवार प्रवासात जाणार होते. मला वाटलं आता ही अडून बसेल, आणि माझ्या जिवाला तेवढाच आधार होता. पण तिनं दुसऱ्याच गुरुवारी उद्यापन करून टाकलं. गल्लीतल्या सवाष्णींना बोलावलं, हळदी-कुंकू लावलं, प्रत्येकीच्या हातात केळं आणि पोथी दिली.

शेजारच्या पवारकाकू म्हणाल्या, “अवो मालनबाई, अजून दोन गुरुवार हायत की!”

“देवी काय मोजत बसलीय व्हय?” आई हसून म्हणाली. “पुष्कळ झाले.”

ते ‘पुष्कळ झाले’ माझ्या कानात अडकलं.

निघायच्या आधीच्या रविवारी पुन्हा लॅपटॉप उघडला. रणजित गाड्यांचा क्रम वाचून दाखवत होता. आधी त्याच्या घरी, मग लाल गाडीनं वर डोंगरातल्या गावाला, आणि परतीच्या दिवशी खाली येऊन मोठी गाडी पकडायची. सारगान्सला तो, केतकी आणि ओवी उतरणार, आम्ही तिघं तसेच पुढे झुरिकला, तिथून विमानतळ.

“मी येतो की विमानतळापर्यंत,” रणजित म्हणाला.

“कशाला?” आई आतून म्हणाली. “पोरगी दमलेली असंल. हे आहेत की. त्यांनी फलटण स्टँड चालवला, त्यांना विमानतळ जड आहे होय?”

“मी काय नवखा आहे?” आबा म्हणाले.

“सारगान्सच्या पुढं कुठं थांबते का ती?” आईनं विचारलं.

“नाही, थेट झुरिक.”

“बरं. आणि ते आगगाडीच्या पासचं काय म्हणत होतास? ज्याचा पास त्याच्याजवळच पासपोर्ट लागतो ना?”

“हो, चेकर पाससोबत पासपोर्ट बघू शकतो. जवळ ठेवलेला बरा.”

आबांनी मान वर केली. नियम म्हटलं की आबांचा कणा ताठ व्हायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना नियम दाखवले होते त्यांनी. “मग ज्याचा त्याच्याकडे,” ते म्हणाले. उठले, कपाट उघडलं आणि आईचा पासपोर्ट तिच्या हातात दिला. “हरवू नकोस.”

“नाही हरवत,” आई म्हणाली.

आल्प्समधले ते दिवस मी नीट बघितलेच नाहीत. मी केतकीवर पहारा ठेवून होते. आई ओवीला मांडीवर घेऊन खिडकीशी बसली की मला वाटायचं, बघा, सवय लावतायत. केतकी आईला चहा करून द्यायची की मला वाटायचं, लोणी लावतेय. एकदा केतकी मला म्हणालीही, “ताई, तो डोंगर तरी बघा, सारखं माझ्याकडे काय बघताय?” मी म्हटलं, “डोंगर कुठं पळून जातोय?”

आई मात्र हिंडली. निळा ड्रेस, वर फलटणला तिबेटी बायकांच्या बाजारात घेतलेलं चॉकलेटी जाकीट, डोक्याला मफलर. ती आबांना न विचारता हॉटेलच्या बाहेर जायची आणि बर्फ बुटानं दाबून बघायची. एकदा आबा दारातून ओरडले, “अगं, खोलीत सामान उघडं आहे!” ती म्हणाली, “कुलूप आहे की.” आणि पुढे गेली. आबा बराच वेळ दारात उभे होते. मग आत जाऊन कुलूप तपासून आले.

परतीच्या दिवशी गाडी रिकामी होती. आमच्या चार बॅगा आबांनी दोन बाकांच्या मधे लावल्या होत्या आणि ते खिडकीशी बसून घड्याळात बघत होते. गाडी बरोबर वेळेवर होती, त्यामुळे त्यांना बोलायला काही नव्हतं. सारगान्स जवळ आलं तसे रणजित आणि केतकी उठले. ओवी रणजितच्या कडेवर झोपली होती. पाया पडणं झालं, केतकीचे डोळे भरले. मी तिच्या डोळ्यांकडे बघून मनात म्हटलं, नाटक.

गाडी थांबली. ते तिघं उतरून फलाटावर उभे राहिले.

आई उठली.

“कुठं?” आबा म्हणाले.

“पोरीला एकदा जवळ घेते.”

“अगं, ही काय आपली एसटी आहे? तुझ्यासाठी थांबणार नाही.”

“माहीत आहे,” आई म्हणाली. तिनं फक्त खांद्यावरची छोटी पिशवी घेतली. “तुम्ही सामानापाशी बसा.”

इतक्या सहज म्हणाली की आबांनी मान डोलावली. खरंच डोलावली.

मी तिच्यामागे दारापर्यंत धावले. दारात आडवी झाले.

“आई, मला सगळं माहीत आहे. त्यांनी तुला थांबवून घेतलंय ना? पोर सांभाळायला?”

“कुणी?”

“केतकीनं. रणजितनं.”

आई हसली. मी तिला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पोरगी शाळा बुडवून निघाली की हसते तसं. “त्यांना कुठं काय माहीत आहे, वैजू? खाली उतरून सांगते त्यांना.”

“मग कशाला?”

“तीन महिने आहेत. बघते एकटीनं काय काय दिसतं ते.” तिनं छातीवर हात ठेवला, मी शिवलेल्या खिशावर. “ह्यांच्या गोळ्या काळ्या बॅगेत आहेत. हो बाजूला.”

मी झाले बाजूला. का झाले ते मला आजही नेमकं सांगता येणार नाही. पाय आपसूक सरकले.

ती उतरली. फलाटावर रणजितनं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. केतकीनं आईकडे पाहिलं, मग गाडीकडे, मग माझ्याकडे. त्या पोरीच्या चेहऱ्यावर एवढं आश्चर्य होतं की महिनाभर मनात जमवलेला सगळा पुरावा माझ्या हातातून गळून पडला. दार बंद झालं.

“वैजू!” आबा मागून ओरडत आले. “बटण दाब! दिवा आहे अजून, बटण दाब!”

दाराजवळच्या बटणावर दिवा होता. माझ्या बोटापासून वीतभर. मी त्या दिव्याकडे बघत राहिले. तो विझला. गाडी हलली. आईनं हात केला नाही. ती ओवीला रणजितच्या कडेवरून स्वतःकडे घेत होती.

“अरे थांबवा!” आबा मराठीत ओरडले. समोरच्या गोऱ्या बाईनं पुस्तकातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

“पुढचं स्टेशन झुरिक, आबा. मधे थांबत नाही.”

“माघारी जाऊ! झुरिकहून माघारी!”

“आणि विमान?”

आबांनी घड्याळ बघितलं. त्यांनी आयुष्यात एकही गाडी चुकवली नव्हती. ओठ हलले, हिशेब केला, आणि ते बाकावर परत गेले. चार बॅगांच्या मधे बसले. एक हात आपोआप काळ्या बॅगेवर गेला.

पुढे आबा गावात सगळ्यांना सांगायचे, “नातीसाठी थांबली हो, सुनेची नोकरी आहे ना.” माझाच संशय, शब्दाला शब्द. मी कधी खोडून काढला नाही. आई व्हिसा संपायच्या आत परत आली, स्वतःची बॅग स्वतः ओढत. त्या तीन महिन्यांत तिनं ओवीला किती सांभाळलं माहीत नाही. केतकी सांगते, “आई सकाळी पास घेऊन निघायच्या त्या संध्याकाळीच यायच्या. मी काही विचारलं नाही, ताई. तुम्ही पुन्हा फोन कराल म्हणून.” त्यानंतर आई राहिली फलटणलाच, त्याच घरात. फक्त बाहेर जाताना विचारायची नाही. सांगायची.

पण ते पुढचं. त्या दिवशी आम्ही विमानतळावर पोचलो. आबांनी सामान ढकलगाडीवर रचलं आणि खुर्चीत बसले. गोळ्या हव्या होत्या म्हणून मी आईची काळी बॅग उघडली. गोळ्या वरच होत्या. खाली आबांचे स्वेटर, आबांची कानटोपी, आबांची शाल, मेतकुटाची बरणी. आईचं एक कापडसुद्धा नव्हतं. ते सगळं ती वर डोंगरात जातानाच केतकीच्या कपाटात ठेवून आली असणार. कन्याकुमारीपासून इथपर्यंत जे तिनं राखलं होतं ते सगळं आबांचं होतं, आणि तिनं ते घडी घालून त्यांच्या हवाली केलं होतं.

आबांनी बघितलं. गोळी घेतली.

समोर भली मोठी काच होती. काचेपलीकडे विमानं, आणि लांबवर, ढगांच्या वर, डोंगरांची रांग. मी इतक्या दिवसांत ती बघितली नव्हती.

“वैजू,” आबा म्हणाले. आवाज इतका हळू की मला वाकावं लागलं. “मी जरा पाय मोकळे करून येऊ का?”

मी त्यांच्याकडे बघितलं. मग बॅगांकडे.

“बसा की, आबा,” मी म्हटलं. “आलेच मी.”

आणि काचेपाशी गेले.